विशीतलं गाणं, छप्पन्नाव्या वर्षीचा आवाज: एका पुनर्ध्वनिमुद्रणाचं प्रकरण

परिस्थिती अशी. वयाच्या २१व्या वर्षी लिहिलेलं एक गाणं. शब्द गायिकेचे, मुखड्याची चाल तिची, अंतऱ्याची चाल तेव्हा सोबत गिटार वाजवणाऱ्या मित्राची. ध्वनिमुद्रण एकच: मित्राच्या घरच्या डेकवर केलेली कॅसेट, त्यात एक गिटार आणि एक आवाज. आता गायिका ५६ वर्षांची आहे आणि तेच गाणं नीट रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायचं आहे. वेगळे ट्रॅक नाहीत, नोटेशन नाही. वहीत शब्द आहेत, पण दोन ठिकाणी ते कॅसेटवरच्या शब्दांशी जुळत नाहीत. अशा कामांत वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. व्यक्ती नमुन्यादाखल आहे, अडचणी मात्र नेहमीच्या आहेत.

असं काम बिघडतं ते बहुतेकदा स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधीच. गाणं म्हणजे नेमकं काय आणि त्या पहिल्या ध्वनिमुद्रणातला योगायोग कोणता, हे कुणी वेगळं करत नाही. कॅसेट पळत होती म्हणून चढलेला सूर, श्वास पुरला नाही म्हणून तुटलेला शब्द, घाईत वाढलेली लय या गोष्टी ३५ वर्षं ऐकून ऐकून गाण्याचाच भाग वाटू लागतात. उलट शब्दांतला जो भाबडेपणा गाण्याचा कणा असतो, त्याची आता लाज वाटते आणि पहिली कात्री तिथेच चालते. सगळं काम या दोन बाजू ओळखण्यावर उभं आहे.

कॅसेटवरून मूळ गाणं काढणं

जुनी कॅसेट थेट लावून प्ले दाबू नये. आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप पाहावी. पांढरट बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नये. बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. टेपच्या मागे असलेली फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का तेही पाहावं. तिचा गोंद सुकून ती निसटते आणि मग टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज मधूनमधून दबतो. कवचाला स्क्रू असतील तर ते उघडून गादी बदलता येते. चिकटवलेलं कवच असेल तर टेप काढून स्क्रूच्या दुसऱ्या कवचात घालावी लागते. या प्रकरणात गादी निसटली होती, टेप चांगली होती. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात.

पुढची पायरी अझिमथची, म्हणजे हेडचा तिरकेपणा. मूळ डेकचं हेड जितकं तिरकं होतं तितकंच ऐकणाऱ्या डेकचं हवं, नाहीतर वरची कंपनं एकमेकांना खातात आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने हे जुळवतात. दोन्ही चॅनेल मोनो करून ऐकायचं आणि ‘स’, ‘श’ सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबायचं. स्क्रूचा पाव फेराही खूप होतो. पेचकस चुंबकीय नसावा. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी पद्धत) वापरलं होतं की नाही हे कळत नसेल तर ते बंद ठेवून घ्यावं. निर्णय नंतर घेता येतो. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. या फाइलला पुढे कुणीही हात लावायचा नाही, सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर.

मग खरा प्रश्न येतो: कॅसेट बरोबर वेगाने चालली होती का? कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, पण घरगुती डेक एकदोन टक्के इकडेतिकडे सहज असतात, आणि मुद्रण करणारा डेक आणि ऐकणारा डेक यांच्या चुका एकमेकींत मिळतात. गाण्याचा सूर तपासला तर तो हार्मोनियमवरच्या पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या बरोब्बर मध्ये लटकत होता. गिटार कशाशी लावली होती हे कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून गिटारवर भरवसा ठेवता येत नाही.

इथे विजेची गुणगुण कामाला येते. तारेतून किंवा माइकमधून शिरलेली ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक घरगुती मुद्रणांत असते (काही देशांत वीज ६० हर्ट्झची, तिथे तो आकडा धरावा). गाणं सुरू होण्याआधीचे शांत दहा सेकंद निवडून त्यांतल्या कंपनसंख्यांचा आलेख काढायचा. ५० जवळचं शिखर रुंद आणि अस्पष्ट दिसतं, म्हणून तिसरा गुणक, म्हणजे ५० ची तिप्पट, पाहावा. तो १५० ला यायला हवा होता, आला १५४.५ ला. म्हणजे टेप ३ टक्के जलद. सुरात मोजलं तर अर्ध्या सुराचाही अर्धा, ५१ सेंट (अर्ध्या सुराचे १०० सेंट). एक काळजी मात्र हवीच: ऐकणाऱ्या डेकचीही स्वतःची गुणगुण असते. टेप थांबवून, डेक चालू ठेवून एक आलेख काढावा. त्यात जे शिखर उरतं ते डेकचं, ते मोजणीत धरायचं नाही. या पायरीकडे दुर्लक्ष झालं तर १५० चं शिखर दिसतं आणि टेप बरोबर वेगाने चालली असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

वेग दुरुस्त करताना सूर आणि लांबी एकत्र बदलणारी पद्धत वापरायची, नुसता सूर बदलणारी नाही. ३ मिनिटं ४० सेकंदांचं गाणं दुरुस्तीनंतर साधारण ३ मिनिटं ४७ सेकंदांचं झालं, आणि सूर उतरून पांढरी सहावर बसला. गायिकेला वाटत होतं की ती विशीत काळी पाचच्या जवळपास गात होती. ती त्याहून खाली गात होती. पट्टी ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण ‘तेव्हाची पट्टी गाठायची’ ही जिद्द अनेकदा टेपच्या चुकीशी लावलेली शर्यत असते.

पट्टी

वयाबरोबर स्वररज्जूंची लवचिकता कमी होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज सहसा खाली सरकतो. वरचे सूर आखडतात, खालचे थोडे उघडतात. कॅनेडियन गायिका-गीतकार जोनी मिचेल यांनी तेविसाव्या वर्षी लिहिलेलं आणि १९६९ साली स्वतः गाऊन प्रसिद्ध केलेलं ‘बोथ साइड्स, नाउ’ हे गाणं २००० साली पूर्ण वाद्यवृंदासह पुन्हा गायलं, तेव्हा त्यांनी पट्टी बरीच खाली आणि लय संथ घेतली. दोन्ही लागोपाठ ऐकली की कळतं, खाली उतरलेल्या आवाजात तेच शब्द वेगळ्या वजनाने पडतात. पट्टी उतरवणं ही माघार नव्हे.

किती उतरवायची हे एका सुरावरून ठरत नाही. बहुतेक जण सर्वांत वरचा सूर लागतो का एवढंच पाहतात. या गाण्याचा पल्ला मंद्र धैवतापासून (खालच्या सप्तकातल्या ‘ध’पासून) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत). चार पट्ट्यांत, एक ते चार अर्धस्वर खाली, पूर्ण गाणं फोनवर रेकॉर्ड केलं; तेही वीस मिनिटं गाऊन झाल्यावर, ताज्या आवाजात नाही. एक आणि दोन अर्धस्वर खाली गाताना तार गंधार लागत होता, पण लागण्याआधीचं अक्षर आखडत होतं. गळा पुढच्या उडीची तयारी करतो ते ऐकू येत होतं. चार खाली गेल्यावर वरचा भाग मोकळा झाला, पण मंद्र धैवत नुसती हवा होऊन गेला आणि मुखड्याची पहिली ओळ तिथूनच उठते. तीन अर्धस्वर खाली, म्हणजे काळी तीन, ही पट्टी ठरली.

आता गिटार. मूळ वादन गिटारच्या मानेवरच्या दुसऱ्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारांनी होतं, आणि सुरुवातीची धून खालच्या मोकळ्या तारांवर उभी होती. काळी तीनसाठी सोपा मार्ग म्हणजे चौथ्या घरात कॅपो लावून डीचे आकार. तो करून पाहिला आणि सोडला, कारण धुनेतला खालचा घुमणारा सूरच नाहीसा झाला. पर्याय: कॅपो काढून टाकायचा, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवायच्या आणि जीचेच आकार वाजवायचे. अर्धा सूर उतरवला की तारेचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, तार सैल होऊन पडद्यांवर खरखरते आणि जोरात छेडली की सूर क्षणभर चढतो. म्हणून १२ ऐवजी १३ च्या जाडीचा (वरची तार इंचाच्या हजाराव्या भागात मोजून) संच घातला. वरच्या तारेचा ताण त्यामुळे साधारण पूर्वीच्या जागी, किंचित जास्तच, येतो. तारा बदलल्यावर एक पूर्ण दिवस ताणू द्याव्यात. त्याच दिवशी रेकॉर्ड केलं तर दर टेकनंतर लावत बसावं लागतं.

लय

दुरुस्त वेगात मूळ मुखडा मिनिटाला १०१ मात्रांचा होता आणि शेवटचा मुखडा १०६ चा. क्लिक (लय धरायला कानात चालणारा ठोका) नव्हती, मुलं जोशात होती. गायिकेची पहिली सूचना होती: ‘आता ९० वर घेऊया, ठहराव हवा.’ ही सूचना जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि तिच्यात एक खड्डा आहे. मुखड्याची मोठी ओळ केहरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) दोन आवर्तनांची, १६ मात्रांची, एका श्वासाची. १०१ च्या लयीत ती साडेनऊ सेकंदांत संपते. ९० च्या लयीत तिला १०.७ सेकंद लागतात. फुप्फुसांची क्षमता वयाबरोबर कमी झालेली असताना श्वास सुमारे १.२ सेकंद जास्त मागितला जातो, आणि ओळीचं शेवटचं अक्षर सूर सोडून खाली घसरतं. मग दोष आवाजाला दिला जातो. ९७ वर ती ओळ ९.९ सेकंदांची होते. ऐकताना ठहराव आला आणि श्वासही पुरला.

सरळ क्लिक लावली असती तर गाणं मेलं असतं. मुखडा ९७, अंतरा ९८, शेवटचा मुखडा १००, आणि बदल दोनदोन आवर्तनांत हळूहळू, असा लयीचा नकाशा केला. जुन्या मुद्रणात जिथे लय पळाली त्या सगळ्याच जागा चुकीच्या नव्हत्या. शेवटचा मुखडा पुढे झुकणं ही गाण्याची गरज होती. पाच मात्रांचा फरक तीनवर आणला, दिशा तीच ठेवली.

शब्द

वही आणि कॅसेट यांच्यात फरक असेल तर कॅसेट धरावी, निदान सुरुवातीला. गाताना बदललेला शब्द बहुतेकदा तोंडात बसलेला असतो.

गायिकेला बदलायची होती ती ही जोडी:

तू नसताना हे जगणं व्यर्थ आहे
पाठ सारे शब्द, पण ना अर्थ आहे

छप्पन्नाव्या वर्षी ‘व्यर्थ’ म्हणवत नाही, ते समजण्यासारखं आहे. तिने सुचवलेला शब्द होता ‘संथ’. वजनाला तो तंतोतंत बसतो: दोन्हींत पहिलं अक्षर गुरू, दुसरं लघू. अर्थही पोक्त. पण दोन गोष्टी हातच्या जातात. पुढच्या ओळीतल्या ‘अर्थ’शी असलेलं यमक तुटतं, आणि ‘व्यर्थ’मधला रफार आवाजाला जो ठेच लागल्यासारखा थांबा देतो तो ‘संथ’च्या अनुनासिकात विरघळतो. त्या थांब्यावरच गिटारचा तुकडा सुरू होतो. यमक सांभाळायला दुसरी ओळ बदलली तर तिसरीही हलते. एका शब्दापासून सुरू झालेली दुरुस्ती कडव्यापर्यंत पोचते आणि हाती येतं ते नवं गाणं. ओळ तशीच ठेवली. बदल गाण्यात केला: जुन्या मुद्रणात ‘व्यर्थ’वर पूर्ण जोर होता, नव्यात जोर ‘जगणं’वर गेला आणि ‘व्यर्थ’ बोलल्यासारखा, जवळजवळ सुराबाहेर, टाकला. विशीचं विधान कायम राहिलं, ते करणारी व्यक्ती बदलली.

शब्दांना हात लावूच नये असा नियम नाही. आज कुणाला दुखावेल अशी ओळ असेल तर ती बदलणं योग्यच. पण लाज वाटते एवढ्याच कारणाने बदलू नये.

दुसरी जागा अंतऱ्यात होती, ‘पाऊलवाटा विसरून गेल्या’. मूळ चालीत शब्द समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) फार जवळ सुरू होतो, म्हणून ‘पाऊ’ आधीच्या आवर्तनात आणि ‘लवाटा’ पुढच्यात पडतो. इथे शब्द उत्तम आहे, चालीची मांडणी कच्ची आहे. उचल दीड मात्रा आधी घेतली आणि ‘वा’ समेवर आणला. ही चाल मित्राची असल्यामुळे त्याला ऐकवून, त्याच्या होकारानंतर बदलली.

हक्क

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा (शब्द आणि चाल) आणि ध्वनिमुद्रणाचा. नवं मुद्रण केलं की दुसरा हक्क नव्याने तयार होतो, पहिला जुनाच चालू राहतो. विशीत कुठल्या कंपनीशी करार झाला असेल तर त्यात पुनर्ध्वनिमुद्रणाला बंदी घालणारं कलम आहे का ते आधी पाहावं. जुन्या करारांतल्या अशा कलमांत सहसा प्रसिद्धीनंतर पाच वर्षं किंवा करार संपल्यावर दोन वर्षं, यांपैकी जे नंतर येईल ते, अशी मुदत असते. इथे करार नव्हता, पण सहरचनाकार होता. ‘मित्रच आहे’ म्हणून हे तोंडी ठेवणं ही सर्वांत महाग चूक. एका पानावर कोणाचे शब्द, कोणती चाल, किती टक्के वाटा, दोघांच्या सह्या. सहरचनाकार हयात नसेल तर त्याचा वाटा वारसांकडे जातो. बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) संयुक्त रचनेचं संरक्षण किमान शेवटच्या रचनाकाराच्या निधनानंतर ५० वर्षं, आणि अनेक देशांत त्याहून जास्त असतं.

मुद्रण

गिटार आधी, सोबत गायिकेचा कच्चा आवाज. अंतिम आवाज वेगळ्या दिवशी. मोठ्या डायाफ्रामचा कंडेन्सर माइक, अंतर १८ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चा वारा अडवणारी जाळी). पट्टी उतरलेली असताना माइकच्या फार जवळ गेलं तर खालचा भाग फुगतो आणि शब्द चिकट होतात. अर्धा तास गळा तापवून तीन पूर्ण टेक, मग फक्त अडलेल्या ओळी. एकूण दीड तास. त्यापुढे थकलेला आवाज मेहनत दाखवतो, गाणं दाखवत नाही. हेडफोनमध्ये आवाज मोठा ठेवला की सूर उतरू शकतो. एक कान मोकळा ठेवून गायिका जास्त सुरात गायली.

तीन टेकमधून ओळी निवडताना जोड श्वासाच्या आधी द्यावा, श्वास कापू नये. वयाबरोबर आवाजातलं कंपन मंद आणि रुंद होतं. तरुण गळ्यात ते सेकंदाला साधारण पाच ते सात असतं, इथे त्याहून सावकाश होतं. सूर दुरुस्त करणारं यंत्र आपोआप चालवलं तर ते या रुंद कंपनाला चुकीचा सूर समजतं आणि पायऱ्या पाडतं. त्यामुळे दोनच जागी, हाताने, सुराचा मध्य सरकवला आणि कंपन तसंच राहू दिलं.

मिक्समध्ये, म्हणजे गिटार आणि आवाज एकत्र बसवताना, खास या प्रकरणाची अडचण अशी की काळी तीनचा मध्य षड्ज १८५ हर्ट्झचा, आणि गिटारच्या पेटीचा घुमाराही त्याच परिसरात. दोघं एकमेकांना झाकतात. गिटारमध्ये १८० ते २२० दरम्यान अडीच डेसिबल कमी केले, आवाजात ८० हर्ट्झखालचं कापलं, कॉम्प्रेशन (मोठे सूर दाबून पातळी सारखी करणं) ३:१ आणि दाब तीनचार डेसिबलपर्यंतच.

एक गोष्ट उघड बोलली जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. पन्नाशीनंतर वरच्या कंपनांचं ऐकणं कमी होतं. कलाकार स्वतः मिक्स तपासताना ‘अजून थोडी चमक हवी’ म्हणत राहतो आणि तरुण कानांना ते मिक्स टोचतं. ८ किलोहर्ट्झच्या वरचे निर्णय दुसऱ्या, तरुण कानांवर आणि त्याच बाजाच्या एखाद्या चांगल्या मुद्रणाच्या आलेखाशी ताडून घ्यावेत.

सुरुवातीला आठ सेकंद जुनी कॅसेट, त्यातून नवा आवाज उगवतो, ही कल्पना इथेही निघाली. जुना सूर पांढरी सहाचा, नवा काळी तीनचा. जुना तीन अर्धस्वर उतरवला की विशीचा आवाज विशीचा राहत नाही. न उतरवता जोडला तर नवं गाणं दचकून खाली पडल्यासारखं वाटतं. ती कल्पना सोडली आणि वेग दुरुस्त केलेलं जुनं मुद्रण स्वतंत्र ट्रॅक म्हणून शेवटी ठेवलं. ते कुणाच्या डेकवर झालं होतं हे लक्षात घेऊन त्याचीही लेखी परवानगी घेतली.

प्रसिद्धी

स्पॉटिफाय मूळ सेटिंगला आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं. एक गिटार आणि एक आवाज असलेलं गाणं तिथवर ढकलायची गरज नाही. उणे १६ आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे १ वर मास्टर (प्रसिद्धीसाठीची अंतिम फाइल) थांबवलं. नव्या मुद्रणाला नवा १२ अक्षरी आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा) क्रमांक लागतो, जुन्या ट्रॅकला वेगळा. आयएसडब्ल्यूसी हा तसाच क्रमांक, पण रचनेचा असतो, तो दोन्हींना एकच. मुद्रणाच्या हक्काचं वर्ष, गोलातल्या ‘पी’पुढचं, नव्या ट्रॅकला चालू वर्षाचं. श्रेयात अंतऱ्याच्या चालीचं नाव वेगळं, वाटपाच्या कागदावर आहे अगदी त्याच स्पेलिंगने. स्पेलिंग बदललं की मानधन भलत्याच खात्यात किंवा कुठेच जात नाही.

मास्टरच्या दिवशीच तीन मिक्स काढून ठेवावीत: पूर्ण, आवाज एक डेसिबल वर असलेलं, आणि गायनाशिवायचं. तिसरं कार्यक्रमांसाठी, आणि त्याच्या फाइलच्या नावातच ‘काळी तीन, तारा अर्धा सूर खाली’ असं लिहावं, म्हणजे पुढचा वादक कॅपो शोधत बसणार नाही.